वसुलीवाल्याच्या हातात नेमकं असतं काय?

जून उजाडला की हर्णैपासून मालवणपर्यंत नौका किनाऱ्यावर ओढल्या जातात. १ जून ते ३१ जुलै यांत्रिकी मासेमारी बंद. इंजिनासाठी काढलेल्या कर्जाचा हप्ता मात्र बंद नसतो, ठरल्या तारखेला तो येतोच. आंबा बागायतदाराचं गणित आणखी वेगळं. वर्षाचा पैसा मार्च ते मे एवढ्यात यायचा आणि त्यातच मोहोर गळाला, थ्रिप्स ही कीड आली, फवारण्या वाढल्या. २०२० चं निसर्ग आणि २०२१ चं तौक्ते ही चक्रीवादळं ज्यांच्या बागेवरून गेली, त्यांची कलमं गेली आणि कलमांवरचं कर्ज तेवढं राहिलं. बँकेच्या कर्ज विभागात बरीच वर्षं काढल्यामुळे एक सांगू शकतो: आपल्याकडे हप्ता थकतो तो बहुतेक वेळा हंगामामुळे, लबाडीमुळे नाही.

फोनवरचा माणूस बोलतो ते मात्र आपण दरोडा घातल्यासारखं. ‘उद्या पोलीस घेऊन येतो.’ ‘घराला सील लावतो.’ ‘सातबाऱ्यावर बोजा चढवतो.’ ‘मुंबईच्या भावाला फोन लावू का?’ यातलं कुठलं खरं आणि कुठलं हवेतलं, हे कळलं तर निम्मी झोप परत येते.

वसुली एजंटाला कायद्याने एकच गोष्ट करता येते: मागणं. सभ्यपणे आठवण करून देणं, हप्ता कधी भरणार ते विचारणं, पावती देऊन पैसे घेणं. जप्ती, लिलाव, ताबा, अटक यातलं काहीही त्याच्या हातात नाही (गाडीच्या कर्जाचं थोडं वेगळं, ते पुढे येतं). ते न्यायालय, जिल्हाधिकारी, सहकार खात्याचा अधिकारी अशांच्या हातात असतं आणि तिथे पोचायला नोटिसा, मुदती, सुनावण्या असा लांबचा रस्ता आहे. मग एवढा माणूस आपल्याला घाबरवतो कशाच्या जोरावर? आपल्याच अब्रूच्या. वाडीत गाडी थांबली, दोन अनोळखी पोरं उतरली, की संध्याकाळपर्यंत स्टँडवर चर्चा. हे त्यालाही पुरतं ठाऊक असतं, म्हणून तो मुद्दाम अंगणात उभा राहून मोठ्याने बोलतो.

तो असा का वागतो

हप्ता चुकला की खातं लगेच बुडीत होत नाही. पहिले तीस दिवस, मग साठ, मग नव्वद असे टप्पे असतात. नव्वद दिवसांच्या वर थकलं की बहुतेक कर्जं बँकेच्या भाषेत एनपीए, म्हणजे अनुत्पादक, होतात. या काळात फाईल बहुतेक वेळा बाहेरच्या एजन्सीकडे जाते. एजन्सीला मिळतं ते जमा झालेल्या रकमेवरचं कमिशन. म्हणून महिनाअखेर आली की फोन वाढतात, आवाज चढतो. ‘आजच्या आज’ हा त्याचा शब्द बऱ्याचदा तुमच्या कर्जापेक्षा त्याच्या टार्गेटशी जास्त बांधलेला असतो. एजंट म्हणून येणारा मुलगा पुष्कळदा शेजारच्या तालुक्यातलाच असतो आणि त्याच्याही डोक्यावर दुचाकीचा हप्ता असतो. त्याच्यावर राग काढून उपयोग नाही. आपल्याला बोलायचंय ते त्याच्या मागे बसलेल्या बँकेशी. एजंट बाहेरचा असला तरी त्याच्या वागण्याची जबाबदारी बँकेचीच, हे रिझर्व्ह बँकेने पुन्हा पुन्हा लिहून ठेवलंय.

मधूनच ‘तुमचं कर्ज राइट ऑफ झालं’ असंही कानावर येतं. ते माफ झालं असं समजू नका. बँकेने आपल्या हिशेबातून ते बाजूला काढलं एवढाच त्याचा अर्थ. देणं तसंच राहतं.

काय करायला बंदी आहे

रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२२ मध्ये बँकांना आणि फायनान्स कंपन्यांना बजावलं: थकीत कर्जाच्या वसुलीसाठी सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर फोन करायचा नाही. शिवीगाळ, धमकी, अंगावर जाणं नाही. चारचौघांत अपमान नाही. घरच्यांना, मित्रांना, संदर्भ म्हणून ज्यांचे नंबर दिले त्यांना छळायचं नाही. मोबाइलवर किंवा समाजमाध्यमांवर घाणेरडे संदेश नाहीत, निनावी फोन नाहीत, खोटी ओळख नाही. म्हणजे ‘मी कोर्टातून बोलतोय’ किंवा ‘ठाण्यातून बोलतोय’ असं सांगून फोन करणारा एजंट पहिल्या वाक्यातच नियम मोडतो.

बायकांच्या गटांना मिळणारं विनातारण छोटं कर्ज, म्हणजे मायक्रोफायनान्स, याचे नियम आणखी कडक आहेत. वर्षाचं घरउत्पन्न तीन लाखांपर्यंत असलेल्या कुटुंबाला दिलेलं विनातारण कर्ज या सदरात येतं. मार्च २०२२ च्या निर्देशांनुसार त्यात फोनची वेळ सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा. वसुली दोघांच्या संमतीने ठरलेल्या जागी. त्या ठरल्या जागी कर्जदार लागोपाठ दोन किंवा जास्त वेळा आली नाही, तरच माणूस घरी किंवा कामाच्या ठिकाणी जाऊ शकतो. थकबाकीदाराचं नाव जाहीर करायला बंदी, सतत फोन करायला बंदी, कर्ज न फेडल्यास काय होईल याबद्दल खोटं सांगायलाही बंदी.

प्रत्यक्षात काय चालतं ते गावात राहणाऱ्याला सांगायला नको. दहा जणींच्या गटात एका बाईचा हप्ता आला नाही की वसुलीला आलेले ‘सर’ बाकीच्या नऊ जणींना उठू देत नाहीत. मग त्या नऊ जणी तिच्या दारात जाऊन बसतात. चुलीवर भात, पोरं शाळेतून आलेली, आणि शेजारणीच शेजारणीला बोलतायत. एका गटातली म्हातारी त्या साहेबाला म्हणाली होती, ‘पैशे देवचे असत ह्या माका म्हायत असा, पण सुनेसमोर गाळी कित्याक घालतंस?’ म्हातारीने नियम वाचला नव्हता, पण बोलली ती नेमकी नियमातलीच गोष्ट. गटाची हमी म्हणजे एकमेकींच्या दारात धरणं धरायचा परवाना नाही. कंपनीने हा दबाव गटाच्या तोंडून आणला तरी तो कंपनीचाच धरला पाहिजे आणि तक्रारीत तसं लिहिलं पाहिजे: ‘अमुक तारखेला तुमच्या अधिकाऱ्याने गटातील सभासदांना बसवून ठेवले आणि माझ्या घरी पाठवले.’

धमक्या एकेक करून

पोलीस. कर्ज थकणं हा दिवाणी मामला आहे. हप्ता भरता आला नाही म्हणून पोलीस कोणाला उचलून नेत नाहीत. सुरुवातीलाच खोटी कागदपत्रं देऊन कर्ज उचललं असेल, तर गोष्ट फसवणुकीची होते, पण ती वेगळी.

याला एक खरा अपवाद आहे आणि तो नीट समजून घ्या: चेक. कर्ज देताना बऱ्याच जणांकडून सह्या केलेले कोरे चेक घेतलेले असतात. तो चेक वटला नाही तर निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स कायद्याच्या कलम १३८ खाली फौजदारी खटला होऊ शकतो. शिक्षा दोन वर्षांपर्यंत कैद किंवा रकमेच्या दुपटीपर्यंत दंड, किंवा दोन्ही. खात्यातून आपोआप हप्ता कापायची जी मंजुरी आपण देतो, ती परत गेली तरी २००७ च्या पेमेंट कायद्यात जवळपास अशीच तरतूद आहे. पण तिथेही आधी लेखी नोटीस लागते, आणि नोटीस मिळाल्यावर पैसे भरायला पंधरा दिवस मिळतात. म्हणून पोस्टमनने आणलेलं रजिस्टर पत्र ‘घेणार नाही’ म्हणून परत पाठवू नका. आपल्याकडे ही खोड फार. नोटीस नाकारली म्हणजे ती टळली असं कायदा धरत नाही, पंधरा दिवस मात्र फुकट जातात. आणि न्यायालयाचं समन्स आलं, तर तारखेला हजर राहायचंच. अटकेचं वॉरंट निघतं ते बहुतेक वेळा समन्सला न गेल्यामुळे. फोनवरचा माणूस नेमका या दोन गोष्टींचा काला करतो.

लोक अदालतीची नोटीस. व्हॉट्सअॅपवर अशोकस्तंभ छापलेला कागद येतो, खाली शिक्का, वर लाल अक्षरात ‘अंतिम’. घरात रडारड सुरू. अशा कागदांतले काही सरळसरळ बनावट असतात. पण काही खरे असतात आणि तरीही घाबरण्यासारखे नसतात. बँका लोक अदालतीत ‘दाखलपूर्व प्रकरणं’ ठेवतात, म्हणजे अजून खटला दाखलच झालेला नाही, फक्त तडजोडीचं बोलावणं आहे. गेलं नाही म्हणून वॉरंट निघत नाही. उलट मी तर म्हणेन, नोटीस खरी असेल तर जा. व्याज-दंडात सूट मागायला ती बरी जागा आहे. एकच सांभाळा: तिथे सही करून झालेला निवाडा न्यायालयाच्या हुकूमनाम्याइतकाच पक्का असतो आणि त्यावर अपील नाही. झेपेल तेवढ्याच रकमेला हो म्हणा. नोटीस खरी की खोटी हे जिल्हा किंवा तालुका विधी सेवा कार्यालयात दाखवून विचारता येतं.

सातबाऱ्यावर बोजा. कोकणी माणसाला सगळ्यात जास्त लागतो तो हा शब्द. एका सातबाऱ्यावर वीस-पंचवीस नावं, त्यातली निम्मी मुंबईत आणि काही वारलेली. एकाच्या कर्जाचा बोजा ‘इतर हक्कात’ चढला की भाऊबंदकीला नवं कारण. पण वसुलीवाला तलाठ्याकडे जाऊन बोजा चढवून आणू शकत नाही. बोजा चढतो तो तुम्ही जमीन तारण दिल्याच्या दस्तावर, नाहीतर न्यायालयाच्या किंवा सहकार खात्याच्या वसुली दाखल्याच्या आदेशावर, आणि त्याला फेरफार, म्हणजे महसुली नोंदीत रीतसर बदल, लागतो. विनातारण वैयक्तिक कर्जाच्या, मोबाइलच्या किंवा टीव्हीच्या हप्त्यासाठी असं कोणी बोलत असेल तर ती थाप समजा. शिवाय सामाईक जमिनीत हात घालता येतो तो कर्जदाराच्या हिश्श्याला. ज्याने ना सही केली, ना जामीन राहिला, अशा चुलतभावाच्या हिश्श्याला नाही.

घराला सील. घर तारण असेल तर बँकेकडे २००२ चा सरफेसी कायदा आहे आणि तो खरोखर कडक आहे, त्याला हलक्यात घेऊ नये. पण त्याची पायरी अशी: आधी साठ दिवसांची नोटीस. त्यावर तुम्ही लेखी हरकत घेतलीत तर बँकेने पंधरा दिवसांत उत्तर द्यायचं. मग ताब्याची नोटीस, वर्तमानपत्रात जाहिरात, प्रत्यक्ष ताब्यासाठी गरज पडली तर जिल्हाधिकाऱ्यांचा आदेश. ताब्याच्या कारवाईविरुद्ध पंचेचाळीस दिवसांत कर्जवसुली न्यायाधिकरणात दाद मागता येते. शेतजमीन या कायद्यातून वगळलेली आहे आणि एक लाखापर्यंतच्या थकबाकीलाही तो लागू नाही. तेव्हा साठ दिवसांची नोटीस हातात पडली, तर त्या आठवड्यात वकील गाठा. ती नसताना कोणी कुलूप घेऊन आला, तर तो घुसखोर.

गाडी. रिक्षा, टेम्पो, आंबा वाहणारी पिकअप. गाडीचं कर्ज असेल तर करारात बहुधा ताबा घेण्याचं कलम असतंच, त्यामुळे ‘गाडी नेताच येत नाही’ असं सांगणारे सल्लागार चुकीचं सांगतात. पण त्या करारात नोटीस किती दिवसांची, ताबा कसा घेणार, विकण्यापूर्वी शेवटची संधी कशी देणार, हे लिहिलेलं असावं लागतं, आणि त्याप्रमाणेच वागावं लागतं. महामार्गावर गाडी आडवी घालून, चावी हिसकावून, प्रवाशांना उतरवून रिक्षा नेणं हा ताबा नव्हे. गुंड पाठवून गाड्या ओढून नेण्याबद्दल सर्वोच्च न्यायालयाने २००७ मध्येच बँकांना खडसावलंय. असं झालं तर तिथल्या तिथे ११२ ला फोन, जागा आणि वेळ सांगायची. आणि गाडी द्यावीच लागली तर आतलं सामान, टायर, बॅटरी, किलोमीटर यांची यादी करून दोघांच्या सह्या घ्या, चारही बाजूंनी फोटो काढा. नंतर गाडी कवडीमोलाने विकून उरलेली रक्कम तुमच्यावर लावली जाते, तेव्हा ही यादीच कामाला येते.

तो दारात आला की

आत बोलवायचं की नाही हे तुम्ही ठरवायचं. ‘आत येऊ नका’ म्हटल्यावरही जो घुसतो, तो भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२९ प्रमाणे गृहअतिक्रमण करतो. आधी ओळखपत्र मागा. बँकेने दिलेलं अधिकारपत्र मागा. २००८ पासून नियम आहे की एजंटाजवळ ओळखपत्र, बँकेचं अधिकारपत्र आणि तुम्हाला पाठवलेल्या नोटिशीची प्रत असली पाहिजे. एजन्सीचं नाव बँकेने तुम्हाला आधी कळवलं असलं पाहिजे. या कागदांचे फोटो काढा. एवढ्यावर निम्मे जण ‘नंतर येतो’ म्हणून गाडीवर बसतात.

मग शांतपणे एवढंच बोला: ‘माझं कर्ज आहे, मी नाकारत नाही. जे काय असेल ते लेखी द्या, मी लेखी उत्तर देईन.’ तारखेचं तोंडी वचन देऊ नका. आपला माणूस भिडेखातर ‘गणपतीपर्यंत देतो हो’ म्हणून मोकळा होतो आणि पुढे त्या वचनावरूनच शिव्या खातो.

रोख रक्कम देऊच नका. नाइलाज असेल तर बँकेची छापील पावती, तीही तिथल्या तिथे. एजंटाच्या स्वतःच्या नंबरवर यूपीआय करणं म्हणजे पैसे खाडीत टाकणं. भरायचे ते थेट कर्जखात्यात.

फोनचं रेकॉर्डिंग ठेवा, संदेश पुसू नका. एक वही घ्या आणि प्रत्येक फोनची तारीख, वेळ, नंबर, काय बोलला ते त्याच्याच शब्दांत लिहा, शिवीसकट. लाजेने शिवी गाळली की तक्रारही तेवढी हलकी होते.

तक्रार कुठे करायची

इथे बहुतेकांचा घोळ होतो, कारण सगळेच ‘फायनान्सवाले’ दिसतात. पैसे कोणाचे आहेत त्यावर दार ठरतं.

बँक किंवा नोंदणीकृत फायनान्स कंपनी असेल तर आधी त्यांच्याच तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे लेखी. त्याचं नाव-पत्ता शाखेत आणि संकेतस्थळावर लावलेला असावा लागतो. तीस दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे, सीएमएस नावाच्या पोर्टलवर. फुकट आहे, वकील लागत नाही, माहितीसाठी १४४४८ हा नंबर आहे. तक्रार लेखी दिल्याचा आणखी एक फायदा फार कमी लोकांना ठाऊक असतो: २००८ च्या त्याच नियमांत आहे की कर्जदाराची तक्रार निकाली निघेपर्यंत बँकेने ते प्रकरण वसुली एजन्सीकडे देऊ नये, तक्रार उघड उघड पोकळ असल्याची बँकेची खात्री असेल तर गोष्ट वेगळी. म्हणून पत्रात हे लिहाच.

पत्र लांबलचक नको. असं चालेल:

‘माझे कर्ज खाते क्र. … मागील … महिन्यांपासून थकीत आहे. थकबाकीचे कारण: … . दि. … रोजी सायं. ८.४० वा. … या क्रमांकावरून आपल्या प्रतिनिधीने माझ्या पत्नीस फोन करून पुढील शब्द वापरले: … . दि. … रोजी दोन व्यक्ती अधिकारपत्राशिवाय घरी आल्या. हे रिझर्व्ह बँकेच्या निर्देशांचे उल्लंघन आहे. कृपया एजन्सीचे नाव, अधिकारपत्राची प्रत आणि खात्याचा तपशीलवार उतारा द्यावा. या तक्रारीचा निकाल होईपर्यंत प्रकरण एजन्सीकडे देऊ नये. मी दरमहा … रुपये भरण्यास तयार आहे; हप्ते पुन्हा बांधून द्यावेत.’

शेवटचं वाक्य गाळू नका. त्यामुळे तुम्ही पळणारे नाही हे कागदावर येतं. एक प्रत शाखेत देऊन पोच घ्या, दुसरी रजिस्टर पोस्टाने.

पतसंस्था असेल तर रिझर्व्ह बँकेचा संबंध नाही. तिथे महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० आणि तालुक्याचा सहायक निबंधक. पतसंस्थेला कलम १०१ खाली वसुली दाखला मिळवता येतो आणि त्यानंतर तिचा वसुली अधिकारी खरोखर जप्ती आणू शकतो. या १०१ च्या सुनावणीला हजर राहणं फार महत्त्वाचं, कारण हिशेब चुकलाय, व्याज जास्त लावलंय, हे सांगायची जागा तीच. माझ्या पाहण्यात लोक फोनला घाबरतात आणि सुनावणीला जात नाहीत. नेमकं उलट हवं.

खासगी सावकार असेल तर २०१४ चा महाराष्ट्र सावकारी कायदा. परवाना लागतोच. परवानाधारकाला शेतकऱ्याकडून वर्षाला तारणावर नऊ आणि विनातारण बारा टक्के, इतरांकडून पंधरा आणि अठरा टक्के असे दर ठरवून दिलेले आहेत. मुद्दलापेक्षा जास्त व्याज घेता येत नाही. महिना शेकडा दहाने पैसे देऊन कलमांची बाग लिहून घेणारा सावकार कायद्याच्या बाहेर आहे. त्याने अशी बळकावलेली जमीन परत मिळवण्याची तरतूदही याच कायद्यात आहे. अर्ज सहकार खात्यातच, पण जिल्हा उपनिबंधकांकडे.

धमकी, शिवीगाळ, अडवणूक, बाईमाणसाला उद्देशून घाण बोलणं यासाठी पोलीस. बऱ्याचदा अदखलपात्र म्हणूनच नोंद घेतील, पण तीही करवून घ्याच आणि प्रत मागा. ठाण्यात दाद लागली नाही तर पोलीस अधीक्षकांना पोस्टाने लेखी अर्ज करता येतो. वकिलाची फी परवडत नसेल तर विधी सेवा प्राधिकरण मोफत वकील देतं. बायकांना आणि आपत्तीग्रस्तांना त्यासाठी उत्पन्नाची अट नाही. नंबर १५१००.

मोबाइल अॅपचं कर्ज

हा प्रकार मुद्दाम वेगळा ठेवला, कारण इथे समोर बहुधा बँक नसतेच. पाच हजार मागितले, तीन हजार हातात आले, सातव्या दिवशी सहा हजारांची मागणी. अॅप घेताना ‘अलाऊ’ दाबलेलं असतं, त्यामुळे फोनमधले सगळे नंबर आणि फोटो तिकडे गेलेले. मग शाळेच्या गुरुजींपासून व्याह्यांपर्यंत सगळ्यांना संदेश, कधी बायकोचा फोटो बदलून अश्लील केलेला.

रिझर्व्ह बँकेच्या नियमांत बसणाऱ्या अॅपला तुमचे संपर्क, कॉलची यादी, फोटो यांना हात लावताच येत नाही. एजंट नेमला तर तो येण्याआधी त्याचं नाव तुम्हाला संदेशाने किंवा मेलने कळवावं लागतं. नियमातल्या अॅपांची यादी रिझर्व्ह बँकेच्या संकेतस्थळावर आहे. यादीत नाही आणि फोटो पाठवतोय, म्हणजे ती खंडणी. पैसे दिल्याने थांबत नाही. एकदा दिले की ‘हा देतो’ अशी नोंद होते आणि दुसऱ्या नंबरवरून मागणी सुरू होते. स्क्रीनशॉट काढून ठेवा, फोनच्या सेटिंगमधून अॅपच्या परवानग्या काढा, मग अॅप काढा. १९३० वर फोन किंवा सायबर गुन्ह्यांच्या राष्ट्रीय पोर्टलवर तक्रार करा.

आणि त्यांच्या आधी तुम्हीच सांगा. वाडीच्या, नातेवाइकांच्या ग्रुपवर दोन ओळी: ‘माझा फोन एका खोट्या कर्ज अॅपने वापरला आहे. माझ्या नावाने फोटो किंवा मागणी आली तर उघडू नका, मला पाठवा. पोलिसांत तक्रार दिली आहे.’ त्यांचा सगळा धंदा कोणाला कळू नये या भीतीवर चालतो. हे दोन ओळींचं सांगणं जड जातं, विशेषतः तरुण मुलांना. घरातलं कोणी गप्प झालं असेल, फोन वाजला की दचकत असेल, तर पैशाचं नंतर बघा, आधी त्याच्याजवळ बसा. टेली मानस हा सरकारी नंबर १४४१६, मराठीत बोलता येतं.

जामीनदार, वारस आणि तडजोड

जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते. ‘नुसती सही केली’ हे चालत नाही. पण छळाविरुद्धचे सगळे नियम त्यालाही तसेच लागू आहेत. वडील गेले आणि कर्ज राहिलं, तर मुलांना आपल्या पगारातून ते फेडायची सक्ती नाही. वडिलांकडून जे मिळालं तेवढ्यापुरतीच जबाबदारी. मुलगा स्वतः सहकर्जदार असेल तर अर्थात वेगळं. विनातारण कर्जासाठी दावा लावायची मुदत साधारण तीन वर्षं असते. जुनं कर्ज उकरून काढून कोणी ‘हजार रुपये तरी भरा’ किंवा ‘या कागदावर सही करा’ म्हणत असेल तर आधी वकिलाला विचारा. मुदत संपायच्या आत दिलेल्या लेखी कबुलीने किंवा थोड्या भरण्याने ती पुन्हा पहिल्यापासून सुरू होऊ शकते.

तडजोड करायची तर बँकेच्या लेटरहेडवर पत्र आधी, पैसे नंतर. पत्रात रक्कम, तारीख आणि ‘यानंतर काही येणे नाही’ हे वाक्य. अशा तडजोडीने सिबिलमध्ये, म्हणजे तुमच्या कर्जफेडीच्या नोंदीत, ‘सेटल्ड’ असा शेरा पडतो आणि पुढचं कर्ज अवघड होतं, हे धरून चाला. पूर्ण भरून ‘क्लोज्ड’ करता येत असेल, थोडे महिने जास्त लागले तरी, तर ते केव्हाही बरं. उशिराच्या दंडाचा हिशेबही मागा: एप्रिल २०२४ पासून बँका दंड म्हणून वाढीव व्याज लावू शकत नाहीत, दंडाचं शुल्क लावता येतं पण त्यावर पुन्हा व्याज चढवता येत नाही.

मच्छीमारांनी आणि बागायतदारांनी तर हप्ते हंगामाप्रमाणे बांधून मागावेत, तेही थकायच्या आधी, मे महिन्यातच. ऑगस्टमध्ये नौका समुद्रात गेल्यावर जास्त आणि बंदीत कमी, असं मागणं वावगं नाही. बँक दरवेळी ऐकेलच असं नाही, पण मागितल्याचं पत्र पोचेसह फायलीत असलं की पुढे लोकपालाकडे जाताना हात रिकामे नसतात.

सगळं फिटलं की काही येणं नाही असा बेबाकी दाखला घ्या. तारण ठेवलेली कागदपत्रं बँकेने तीस दिवसांत परत द्यायची असतात. तिच्यामुळे उशीर झाला तर दिवसाला पाच हजार रुपये भरपाई. कोरे चेक मोजून परत मागा. गाडीच्या आरसीवरचं फायनान्सचं नाव आरटीओत जाऊन काढून घ्या. आणि जमीन तारण असेल तर दाखला तलाठ्याकडे देऊन बोजा कमी झाल्याचा फेरफार पाडून घ्या आणि महिन्याभराने नवा सातबारा काढून बघा.